पुलाजवळचा पाचवा देव्हारा

मोजा की, परत मोजा — पाच मीटरच भरेल, टेप बदलली म्हणून पूल रुंद व्हायचा नाही. महामार्ग नऊचा, पूल पाचाचा, आणि इथं गाड्या धडकतात हे तुमच्या अथेन्सच्या हापिसाला चाळीस वर्षांनी कळलं. बरं झालं कळलं. कॉफी घ्या, मध्यम गोड केलीय. आणि उपाय काय — तर म्हणे देव्हारे काढा. पत्र्याची ही एवढीशी घरं, आत तेलाचा दिवा आणि मेलेल्याचा फोटो, त्यानं म्हणे गाडीवाल्यांचं लक्ष उडतं. वा साहेब. रोग रेड्याला आणि औषध पखालीला. इथं दिवा नाही, कठडा नाही, पाटी होती ती थानासिसच्या टँकरनं नदीत नेली — टँकरसकट. तो पहिला देव्हारा त्याचा, माझ्या या टपरीवरची कॉफी अर्धी टाकून गेला होता. पुढचे दोन त्या भावाभावांचे, अक्रोडाची पोती घेऊन निघालेले. चौथा शाळेतल्या बाईंचा. घरचे वर्षातून एकदा येतात, रडतात, जातात — रोज तेल मी घालते.

पाचवा? तो वळण संपतं तिथंच आहे, जागा बघा कशी नेमकी निवडलीय, तुमच्या हापिसाला सुचली नसती. थानासिसच्या टकलासाठी कोण थांबतंय — पण तरुण पोरीचा फोटो दिसला की छातीवर क्रूसाची खूण करतात आणि ब्रेक दाबतात. तीन वर्षांत एक अपघात नाही, लिहा ते. नाव अर्गिरो. गेली कधी? ते कशाला हवंय — फॉर्मात रकाना आहे होय. मग रिकामा ठेवा. अहो, असं बघू नका, कॉफी सांडेल. माझी मुलगी आहे ती. धडधाकट आहे, पलीकडं बेकरीत कामाला जाते, रोज दोनदा स्कूटरवरून हाच पूल. शाळेतल्या बाई गेल्या त्या दिवशी ती त्यांच्या मागेच होती, दहा हातांवर. मग दुसऱ्या कुणाच्या जिवंत पोरीचा फोटो लावायचा होता मी? पाद्रीबाबा म्हणाले, अपशकुन आहे, पाप आहे. म्हटलं, बाबा, तुम्ही पूल रुंद करा, मी देव्हारा उपटते. तेव्हापासून बाबा गप्प, आणि ती तर त्याच्याही आधीपासून. तीन वर्षं एका टेबलावर जेवतो, मीठसुद्धा मागत नाही माझ्याकडं, उठून घेते. सगळा महामार्ग तिच्या फोटोपाशी हळू होतो, एक तीच होत नाही — मान फिरवून सुसाट जाते. मला भीती वाटते हो. रोज दोनदा वाटते.

न्यायचेत तर ते चार न्या, त्यांचं आता काय बिघडणार आहे. पाचव्याला हात लावायचा नाही.

दोन वाजले, बेकरी सुटली. ती टेप गुंडाळा आणि रस्त्यातून बाजूला व्हा — ऐकू येतेय ना स्कूटर? आता काही विचारू नका. ती अलीकडं येईपर्यंत मी कुणाशी बोलत नाही.