लाहूच्या घराचे दोन टेकू

तलासरी पोलीस ठाणे, ता. २७ ऑगस्ट १९६३, मंगळवार, सकाळी ११ वाजता.

नाव अमृत विष्णू चुरी (शाळेच्या दाखल्याप्रमाणे), वय २२ वर्षे, शिक्षण मराठी सातवी पास, इंग्रजी तिसरी अर्धवट, धंदा नोकरी, पूरग्रस्तांच्या घरबांधणी कामावर हंगामी कारकून, राहणार सरावली, तालुका डहाणू, जिल्हा ठाणे.

समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगतो की, मी वरील ठिकाणी आईवडिलांसह राहतो. वडिलांची चिकूची लहान वाडी आहे. मी या कामावर ता. १७ ऑगस्टपासून आहे. ता. १४ रोजी पहाटे नदीला पूर येऊन उधवा गावच्या खालच्या पाड्यातील घरांचे नुकसान झाले. घरोघर जाऊन याद्या करणे हे माझे काम आहे. याद्या दोन असतात. पूर्ण पडलेल्या घराला सरकारकडून वरच्या माळावर नवे घर बांधून मिळते. अंशतः पडलेल्या घराला बांबू व पेंढा मिळतो. टेकू देऊन उभे असलेले घर अंशतः पडलेले धरावे, अशी आम्हाला तोंडी सूचना आहे.

शुक्रवार ता. २३ रोजी दुपारी दोनच्या सुमारास मी लाहू काळ्या भावर याच्या घरी गेलो. घरात तो, त्याची बायको धाकली व आई बायजी, वय अंदाजे ६५, अशी तीन माणसे. नदीकडची कुडाची भिंत वाहून गेली होती व मधला खांब त्या बाजूला कलला होता. छपरावरची कौले जशीच्या तशी होती. लाहूने पुराच्या दिवशीच कलत्या बाजूला दोन टेकू लावले होते व घर त्यांवर होते. मी "अंशतः" असे लिहिले.

लाहू म्हणाला, "आत निजाया भ्या वाटतं. ह्या काय घर हाय?" मी सांगितले की घर उभे आहे, उभे ते उभे. त्यावर धाकली म्हणाली, "बेस हाय तुझा सरकार. पडला त्याला घर, लंगडला त्याला काठी." शेजारचे लोक हसले. आतून बायजी म्हणाली, "माझापन खांब लवला रे पोरा. मना कोनच्या यादीत घालशील?" मीही हसलो.

म्हातारी आत का बसली आहे असे मी विचारले. लाहूने सांगितले की घरात हिरवा नावाचा कुळाचा देव आहे. तो बांबूच्या पाटीत ठेवलेला असतो. देवाचे विधी करणारा भगत आल्याशिवाय त्याला जागचे हलवत नाहीत, आणि भगत पुरामुळे नदीपलीकडे अडकला आहे. देव आत असेतो बायजी बाहेर निजत नाही. ही गोष्ट मला शुक्रवारीच माहीत झाली होती.

मी निघालो तेव्हा लाहू शेताच्या बांधापर्यंत माझ्याबरोबर आला. पुढचे बोलणे आम्हा दोघांतच झाले.

तो म्हणाला, "टेकू नसता तं?"

मी म्हणालो, "तर घर पडले असते, आणि मी पूर्ण पडलेले लिहिले असते."

"मंग सोमवारी लिहिशील?"

मी म्हणालो, "सोमवारी दहा वाजता साहेबांना घेऊन येतो. त्या दिवशी जसे दिसेल तसे लिहीन. त्यानंतर यादी बंद."

टेकू काढ असे मी म्हणालो नाही. काढू नकोस असेही म्हणालो नाही. त्याच्या मनात काय आहे ते मला कळले होते. त्याला माळावर घर मिळावे असे मला वाटत होते.

सोमवार ता. २६ रोजी मी व माझे वरिष्ठ गोविंदराव असे दोघे पाड्यावर गेलो. बस उशिरा आल्याने आम्हाला पोहोचण्यास दहा वाजून वीस मिनिटे झाली. घर पडलेले होते. लाहू व चार-पाच माणसे कौले उपसत होती. मीही उपसली. बायजी आढ्याखाली होती. तिला काढले तेव्हा श्वास चालू नव्हता. देवाची पाटी तिच्या दोन्ही हातांत होती. पाटी सोडविण्यास कोणी पुढे झाले नाही.

धाकलीने मला त्याच जागी सांगितले ते असे. सकाळी लाहूने आईला चिंचेखाली आणून बसविले व दोन्ही टेकू काढले. घर पडले नाही. पुष्कळ वेळ तसेच उभे राहिले. लाहू आम्ही येतो की नाही ते पाहण्यास रस्त्याकडे गेला. बायजी म्हणाली, "भगत काय येत नाय. देवाला मीच आनतां," आणि उठून आत गेली. धाकली तिला धरण्यास धावून दारापर्यंत पोहोचली तोच घर पडले. आवाज ऐकून लाहू अर्ध्या वाटेतून परत आला.

गोविंदराव मला म्हणाले, "कागद काढ. आता पूर्ण पडलेले लिही." मी लिहिले. लाहूचा अंगठा घ्यावयाचा होता, तो मी घेतला.

परतताना रस्त्यावर गोविंदराव म्हणाले, "अमृत, शुक्रवारी तू वरच्या पाड्यावर होतास. खाली उतरलाच नाहीस. कागद मी नवे करून घेतो. तुझी नोकरी हंगामी आहे, वडिलांना विचार काय करायचं ते." मी वडिलांना विचारले नाही. माझ्या दैनंदिनीत शुक्रवारी खालच्या पाड्याची नोंद असून ती दैनंदिनी मी सोबत हजर करीत आहे.

पोलीस पाटलाने अशी वर्दी दिली आहे की, लाहूने सरकारी घराच्या लोभाने, आई आत असल्याचे ठाऊक असून घर पाडले. त्यावरून लाहूला येथे आणले आहे. आज सकाळी तो ओट्यावर बसलेला असताना मी त्याला भेटलो. टेकू आपल्याच मनाने काढले, कोणी काही सांगितले नव्हते, असे त्याने जबाबात म्हटल्याचे मला कळले होते. मी त्याला विचारले, "माझे नाव का नाही घेतलेस?"

तो म्हणाला, "तुझा नाव घेतला तं तुला काढतील. मंग नवा मानूस येल. तो आमचा घर यादीतनं खोडल."

नवा माणूस घर खोडील किंवा नाही, हे मला सांगता येत नाही.

लाहूने आईला मारण्यासाठी घर पाडलेले नाही. आम्ही येऊ तेव्हा घर पडलेले दिसावे म्हणून त्याने टेकू काढले. पडलेले दिसले तर मी तसे लिहीन, हे त्याला मी सांगितले होते. दुसऱ्या कोणी सांगितलेले नाही.

हा जबाब जमादारांनी मला सावकाश वाचून दाखविला. बांधावरचे बोलणे गाळायचे असल्यास सहीपूर्वी सांग, असे ते म्हणाले. ते गाळू नये. बाकी मजकूरही मी सांगितला तसाच उतरला असून खरा आहे.

सही: अमृत विष्णू चुरी