भीतीचा आकडा

शिरूर स्टँडवर पुण्याच्या गाडीत तिकिटं फाडताना कंडक्टर मच्छिंद्रच्या कानावर खिडकीतलं बोलणं पडलं. शहाबानो आत एकटी बसली होती, नवरा अलीम खाली उभा होता.

"पाण्याची बाटली तरी घे."

"नको. मनाच्या दवाखान्यातल्या बाई म्हणल्या, बाटली असली की धीर बाटलीचा होतो."

"मागच्या बारीला छाती धडधडली आन् शिक्रापूरलाच उतरलीस."

"उतरले म्हणून तर भ्या वाढलं. आज भीतीचा आकडा शंभरातनं वहीत लिहायचा, आन् निम्म्यावर येईस्तवर बसून राहायचं."

"आत्ता किती हाय?"

"सत्तर. तुमचा?"



"नव्वद."

तिनं वहीचं पान फाडून खिडकीतून त्याच्या हातात दिलं.

"मग निम्म्यावर येईस्तवर तुम्ही बी हितंच बसा. गाडीमागं येऊ नका."

मच्छिंद्रनं बेल दिली.