वजाबाकीची किरकोळ दुरुस्ती

हॅलो?... हो, आत्याच. घरात दुसरं आहे कोण?... अगं, हळू बोल, काही कळत नाहीये.

बाईंनी गार झालेला चहा बाजूला सारला. शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी उभी वजाबाकी पायरीपायरीने दाखवणारी एक लायब्ररी लिहिली होती. कोणीही आपल्या प्रोग्रॅममध्ये फुकट जोडावी अशी. तिची नवी आवृत्ती त्यांनी आज सकाळीच सोडली होती. फोनवर त्यांची भाची होती. तीही आता शाळेत शिकवते आणि वर्गात हीच लायब्ररी वापरते.

वर्गातून बोलतेस?... व्हरांड्यातून. बरं. मुलं?... मग झालं काय?... माझ्यामुळे? माझ्यामुळे काय?... हो, सोडली सकाळी. किरकोळ आहे गं, एकच चूक काढली. बाकी कशाला हात लावला नाही... आपोआपच येते ती. किरकोळ बदलाची आवृत्ती कुणाला विचारत बसत नाही.

थांब, आधी गणित सांग... पाचशे तीन वजा सात. आणि पडद्यावर?... चारशे शहाऐंशी?

बाई चष्मा काढून डोळे चोळू लागल्या.

ओरडू नकोस. ऐक... अगं ऐक ना! बरोबर एक दशक कमी येतंय. तीनातून सात जात नाहीत. शेजारी शून्य, त्याच्याकडेही काही नाही. म्हणून तो पुढच्या पाचाकडून घेतो. त्याचे दहा होतात, त्यातला एक एककाला दिला की उरतात नऊ... हो, तुला येतं, माहितीये. माझी लायब्ररी ते नऊ करायचं विसरायची, दहाच ठेवायची. तेच आज नीट केलं. मग तुझ्याकडे दशकात आठ कुठून आले? तू मध्ये काही घातलंयस का?... चिमे, खरं सांग.

...एक वजा करतेस. माझ्याकडून उत्तर आलं की त्या दशकाच्या घरातून तू आणखी एक वजा करतेस... कधीपासून?... पहिल्या वर्षापासून! म्हणजे चूक दिसली होती तुला. आणि मला बोलली नाहीस?... वाईट वाटेल? मला?

तुझ्या एकटीचं नाही गं. सकाळपासून अशाच तक्रारी येतायत, त्यांचा अर्थ आत्ता लागला. जो तो आपापलं ठिगळ लावून बसलाय, आणि आता कापड नीट झालं तर ठिगळंच टोचतायत. एकानेही सांगू नये?... हो, माझंही चुकलं. असा बदल किरकोळ म्हणून सोडायचा नसतो, आधी बजावायचं असतं. दुपारी टाकते सूचना... माघारी घेऊ? नाही हं. बरोबर केलेलं पुन्हा चुकवू? तुझी ती ओळ काढ. लॅपटॉप हातात आहे ना?... काढ. मी थांबते.

हं... काय येतंय?... चारशे शहाण्णव. झालं.

आता मुलांनी वहीत काय उतरवलंय?... शहाऐंशी. सगळ्यांनी?... एकीने नाही? शाबास! कोण गं ती?... शेवटच्या बाकावरची. बोलली का काही?... उभी राहिली होती. मग? तू काय म्हणालीस?

भाचीने सांगितलेलं बाईंनी हळूच पुन्हा म्हटलं.

...“कॉम्प्युटर चुकत नाही, खाली बस.”

अगं... नाही, रागावले नाही. दमले नुसती... मला कशाला सॉरी म्हणतेस? आत जा. सगळ्यांसमोर तिला फळ्यापाशी बोलाव, खडू तिच्या हातात दे. तू तिच्या बाकावर बस... हो, तूच. मावशील, काही होत नाही. आणि तिला विचार, पुन्हा माझं चुकलं तर सांगशील ना... मान हलवून नाही चालणार. तोंडाने हो म्हणेपर्यंत विचार.

...अजून फोनवरच आहेस? जा गं बाई. ठेवते मी.