खुणा

बायको गेल्यापासून एझरा दर शुक्रवारी होसिया न्हाव्याच्या दुकानात येऊन बसायचा, दाढी वाढलेली असो वा नसो. ओहायोतल्या काळ्यांच्या त्या वस्तीत बोलणं ऐकायला तेवढीच जागा होती. आज खुर्चीत लिअँडर होता, गोऱ्यांच्या बेसबॉल संघातला एकमेव काळा कॅचर, म्हणजे पिचरनं कोणता चेंडू टाकायचा ते बोटांनी खुणावून तो झेलणारा.

“काय रे, आज सामना नाही?” होसियानं विचारलं.

“काढलं मला, होसियाकाका. अकरा आठवड्यांत.”

“खेळ कमी पडला?”

“छे! पिचर माझी खूणच मानेना. काळ्याचं ऐकणार नाही म्हणे. मी सरळ चेंडूची खूण करायची, यानं वळणारा टाकायचा.”

“मग?”

“मग काय, येईल तसा झेलला. ही बोटं बघा.”

“अरे देवा, आल्याच्या गड्ड्यासारखी वाकडी झालीत की! आता?”

“सोडतो खेळ. माझं ऐकणारा पिचर कुठून आणू?”

“आपल्या चर्चच्या संघात माझा जावई आहे. त्याचे चेंडू कुणालाच झेलता येत नाहीत.”

“ऐकेल तो?”

“बारा वर्षं माझ्या मुलीचं ऐकतोय. तुझं जड जाईल? पुढच्या शनिवारी सामन्याला येशील? अरे, मान काय हलवतोस! वस्तरा आहे गळ्यावर. तोंडानं सांग.”

“येतो. पण जावयाला उद्याच पाठवा, काका. खुणा ठरवायच्यात.”