मिक्सरच्या आधी

वडिलांना भरवून ती हॉस्पिटलसमोरच्या बसथांब्यावर येऊन बसली होती. डोळे मिटत होते. तेवढ्यात हॉस्पिटलच्याच स्वयंपाकघरातला आचारी आणि त्याच्याबरोबर काम करणाऱ्या ताई शेजारी येऊन टेकले.

“ताई, दाखवा की! सकाळपासून पिशवीत घेऊन फिरताय.”

“ही बघ. तुझ्या नादी लागून घेतली एकदाची.”

“वा! काय पातं आहे! टोमॅटोवर नुसती टेकवली तरी आपसूक खाली उतरेल.”

“घरी म्हणाले, सुरी आहे की दागिना? म्हटलं, दागिन्यानं भाजी चिरता येत नाही.”

“बरोब्बर! आता किचनमध्ये स्वतःची सुरी असलेले आपण चौघं झालो.”

“चौघं वेडे. अरे, आपण चिरतो कुणासाठी? ज्यांना चावता येत नाही त्यांच्यासाठी. तू गाजराचे केसासारखे काप काढतोस आणि दुसऱ्या मिनिटाला ते मिक्सरमध्ये.”

“जातात खरे.”

“खाणाऱ्याला कळतं तरी का, गाजर होतं की भोपळा?”

“नाही कळत.”

“मग कशाला जीव काढायचा? माझे हात बघ, खांद्यापर्यंत भरून आलेत.”

“त्यांना दिसत नाही, ताई. आपल्याला तर दिसतं.”

“तुझ्यापुढं बोलण्यात अर्थ नाही. चल, बस आली.”

दोघं उठले, तशी तिनं हाक मारली.

“अहो दादा, आज वाटीत काय होतं?”

“गाजर. आणि थोडा बटाटा. का हो?”

“बाबा रोज विचारतात. मी म्हणते, गिळा मुकाट्यानं.”