आलोच

नाही, पण तिला आत बोलव ना क्षितिज. बायकोला गाडीत काय बसवून ठेवलंयस? आईशी फोनवर बोलतेय तर इथे बसून बोलेल, मी काही कान लावून बसणार नाहीये. नको म्हणते? बरं. राहू दे. पण तू जरा त्या खिडकीसमोरून सरक – हां, असा बस. मला ड्राइव्हवे दिसू दे. काय म्हणत होते मी? हां, डेरी. रविवारच्या श्रद्धांजलीला अख्ख्या मराठी मंडळाला तोच किस्सा हवाय, माहितीये मला. माणूस जाऊन महिना होत आला, तरी तोच हवाय. फोनवर रेकॉर्ड करतोयस? कर बाबा.

तर ऐक. दोन हजार बारा साली आम्ही पुण्याहून इथे न्यूझीलंडला, पोरिरुआत आलो. पहिल्या दिवशी ऑफिसात साहेबाच्या तोंडात धैर्यशील बसेना, म्हणून हा म्हणाला नुसतं धैर्य म्हण – तर त्याचं झालं डेरी. आता इथे डेरी म्हणजे कोपऱ्यावरचं दुकान, हे याला आदल्या संध्याकाळी दूध आणायला गेल्यावरच कळलेलं. दुसरा कोणी असता तर तोंड पाडून घरी आला असता. हा म्हणतो, येस येस, डेरी – ओपन सेव्हन डेज. झालं. तेव्हापासून डेरीच. शेजारची म्हातारीसुद्धा किया ओरा डेरी म्हणायची, म्हणजे इथला नमस्कार. आमच्या इराच्या शाळेत गमबूट फेकायची स्पर्धा होती, त्यात याने गमबूट फेकला तो मागे, प्रिन्सिपॉलच्या चहाच्या टेबलावर – तर तेही हसत होते. आणि नेटबॉल – इराच्या मॅचला हा रेषेबाहेरून ओरडायचा, पळ, पळ – नेटबॉलमध्ये बॉल हातात असताना पळायचंच नसतं, पण ऐकतो कोण – तर बाकीचे आईबापही शिकले, सगळे गोरे पळ पळ करून ओरडायचे. इरा लाजेने लाल. डॅड, स्टॉप. आणि गेल्या शनिवारी मॅचला कोणीच ओरडलं नाही, तर पोरगी मध्येच बॉल टाकून घरी आली. हे नको सांगूस रविवारी. गमबुटाचं सांग.

घरात? घरातही हसवायचाच की. नाही असं नाही. पोळ्या मी लाटायचे आणि हा नकाशे ओळखायचा – ही साउथ आयलंड, ही जळकी म्हणजे ऑस्ट्रेलिया. जीव होता त्याचा आमच्यावर. फक्त ते गाडीचं होतं. म्हणजे काही नाही रे – कुठून बाहेरून आलो की आम्ही दोघी आत यायचो आणि हा ड्राइव्हवेत गाडीतच बसून राहायचा. रेडिओ नाही, फोन नाही, नुसता गॅरेजच्या दाराकडे बघत. पहिल्यांदा मी घाबरले, विचारलं, काय झालं रे? तर म्हणाला, काही नाही गं, इंजिन गार होऊ देतोय. पार्टी जेवढी मोठी तेवढा जास्त वेळ बसायचा. मग मी चहा घेऊन जायचे, काच वाजवायचे. काच वाजली की आधी हसायचा आणि मग दार उघडायचा. दर वेळी. कोणाशी तरी बोल, डॉक्टरकडे जा, म्हटलं होतं मी. म्हटलं होतं ना? हो, एकदा म्हटलं होतं. तर म्हणाला, दुकान बंद ठेवून कसं चालेल.

त्या रविवारी मंडळाचं मिडविंटरचं जेवण होतं तिकडे लोअर हट गावात – तू होतास की, तुमच्याच टेबलाशी उभा राहून त्याने डेरी सांगितली. तुम्ही पोट धरधरून हसलात. मी नाही हसले. कंटाळा आला होता मला त्या डेरीचा. आणि परत येताना अख्ख्या रस्त्यात एक शब्द नाही. पाऊस, वायपर आणि हा गप्प. इरा मागे, कानात हेडफोन. घराशी गाडी थांबली आणि मी म्हटलं – म्हणजे सहज म्हटलं – लोकांना सातही दिवस उघडी, आणि आमच्या दारात आली की बंद का रे तुझी डेरी? लागलं त्याला. नाही, लागलंच, चेहरा बघितला ना मी. म्हणाला, तुम्ही व्हा पुढे, आलोच.

आलोच. आता तुला मला कळतं आलोच म्हणजे काय. आलेला नसतोच माणूस, यायचा असतो. पण पोलीस आले तेव्हा माझं इंग्लिश कुठे गेलं कोण जाणे, तोंडातून मराठीच निघत होतं, म्हणून त्या ऑफिसर बाईंनी इराला विचारलं, डॅड शेवटचं काय म्हणाले? आणि इरा – बोलत नाही मराठी, पण समजतं सगळं – ती म्हणाली, ही सेड, आय हॅव कम. बाई म्हणाल्या, म्हणजे ते आत आले होते? मग परत बाहेर का गेले? घरात काही झालं का, भांडण वगैरे? माझ्याकडे बघत विचारत होत्या, आणि मी आपली आलोच, आलोच करत बसलेली. शेवटी मंडळाच्या वसुंधराताईंनी फोनवर त्यांना समजावलं. बाई सॉरी म्हणाल्या, लिहिलेलं खोडलं. पण इरा सोडेना. मम, ही सेड आलो. दॅट्स पास्ट टेन्स. आला नव्हता तर आलो का म्हणाला? अजून विचारते. तिला वाटतं तो खरंच आत आला होता, आपल्यालाच दिसला नाही. वाटू दे. नाहीतर पुढचा प्रश्न येणारच ना – मम, तू बाहेर बघितलं नाहीस का?

बघितलं ना. याच खिडकीतून. चहा टाकताना. मान अशी मागे टेकवलेली, डोळे मिटलेले. म्हटलं बस. आज मी नाही येणार काच वाजवायला, होऊ दे इंजिन गार. मग कपड्यांच्या घड्या केल्या, परत बघितलं – मान तशीच. म्हटलं केवढा हा राग. चहा मी एकटीने प्यायले. अंधार पडल्यावर इराने विचारलं, व्हेअर्स डॅड. हार्ट अटॅक. लवकर कळलं असतं तर – ते मी डॉक्टरांना विचारलंच नाही. विचारलं तर सांगतील ना.

ते रेकॉर्डिंग चालूच आहे का अजून? बंद कर. पुसून टाक सगळं. नाही, माझ्यासमोर पूस. रविवारी इरा पहिल्या रांगेत बसणार आहे. तू डेरी सांग, गमबूट सांग, हसव सगळ्यांना. मीही हसेन.

चहा राहू दे तुझा. क्षितिज, ती मघापासून हललेली नाहीये. तुझी सलोनी. फोन नाहीये आता तिच्या कानाला, डोकं मागे टेकलंय. झोपली असेल, हो, झोपलीच असेल, दमून जात असेल पोरगी, माहितीये मला. तू जा आधी. काच वाजव. हसली की – नाही, हसली तरी दार उघड, तिच्या हसण्यावर जाऊ नकोस. आणि मला आलोच म्हणू नकोस. जा.