तळाच्या दोन खुणा

घुम्या : सरक.

भोंगा : नाही सरकत.

घुम्या : नुसती बोटभर फट पाडतो. आत डोकावतो आणि लावतो पुन्हा.

भोंगा : आज सूर्य पश्चिमेला उगवला म्हणायचा. "नुसती बोटभर फट" हे वाक्य कुणाचं आहे, आठवतंय? पहिल्या वर्षी याच भट्टीसमोर मी म्हणालो होतो. आणि तू हेच स्टूल दारापुढे टाकून बसलास. मी हातापाया पडलो, तरी ढिम्म हलला नाहीस. दिवसभरात एकच शब्द बोललास. "तडकेल."

घुम्या : तडकलंच असतं.

भोंगा : असतंच. म्हणून आज मी बसलोय. तो तापमानाचा काटा बघ, दोनशेच्या वर आहे. शंभरच्या खाली आल्याशिवाय दार उघडायचं नाही, हा तुझाच नियम. गार वारा आत शिरला की गरम मातीचं काय होतं, हे मला तू शिकवलंस. आता गुरूलाच घाई?

घुम्या : ताई येतेय.

भोंगा : माहीत आहे की. संध्याकाळी, प्रदर्शनाला.

घुम्या : आत्ता येतेय. संध्याकाळी तिची ड्युटी लागलीय. दोन फेऱ्यांच्या मधे, बस आगारात लावून येते म्हणाली.

भोंगा : मग येऊ दे. चहा पाजू. भट्टीतला तुझा घडा नाही दाखवता आला तर नाही, मी बोलतो ना त्यांच्याशी. भट्टी या विषयावर मी तासभर आरामात काढीन.

घुम्या : तुला कळत नाहीये.

भोंगा : कसं कळणार? तू सांगतोस कुठे? तीन वर्षं एकटाच तर बोलतोय मी. पहिल्या दिवशी तुझ्या चाकाशेजारचं चाक धरलं. जगातल्या सगळ्या गावगप्पा ऐकवल्या तुला. पार सत्र संपत आलं तेव्हा तू मान वर केलीस आणि म्हणालास, "तुझा गोळा मध्यावर नाही." झालं. तिथेच माझी विकेट पडली.

घुम्या : नव्हताच मध्यावर.

भोंगा : अजूनही नसतो. तो मुद्दा नाही. मुद्दा असा, की गेल्या वर्षी गच्चीवर मी मनातलं सगळं सांगून टाकलं. आणि तू काय म्हणालास? "ऐकलं." बास. लोक भिंतीशी बोलतात, तिच्याकडून यापेक्षा बरं उत्तर मिळत असेल.

घुम्या : दुसऱ्या दिवशी तुझं चाक पुसून ठेवलं होतं.

भोंगा : हो. तेव्हापासून रोज पुसलेलं असतं. त्यावरच जगतोय मी. पण पुन्हा विचारलं का तुला? एकदा तरी?

घुम्या : नाही.

भोंगा : माझ्या आईला सांगून बघ, पटणार नाही तिला. चहा उकळेपर्यंत धीर धरत नाही मी. मला स्वतःचाच अभिमान वाटतो कधीकधी. आता सांग, ताईंना घडा आत्ताच कशाला दाखवायचाय?

घुम्या : ती कुठलंही भांडं हातात घेतलं की आधी उलटं करते. तळाची माझी खूण शोधते. लहानपणापासून.

भोंगा : मग?

घुम्या : या घड्याच्या तळाला दोन खुणा आहेत.

भोंगा : दोन कशा? एक भांडं, एक खूण. चाकावर ज्याचे हात त्याची खूण, हा आपल्या विभागाचा रिवाज आहे. तुझी रेघ असणार. दुसरी कुणाची?

घुम्या : तुझी.

भोंगा : माझी? मी तर नुसती वरून निळी झिलई दिली.

घुम्या : कच्चा होता तेव्हाच उमटवली. रेघेच्या शेजारी तुझं ते वर्तुळ. आता भाजलंय. पुसता येणार नाही.

भोंगा : मला सांगितलं का नाहीस?

घुम्या : दाखवणार होतो. ताईला आणि तुला, एकदमच. दोन खुणा बघून ती विचारेल, हे काय. मग तिला कळेल. मला बोलावं लागणार नाही.

भोंगा : थांब. मला जरा श्वास घेऊ दे.

घुम्या : आता तरी उघड. चावी तुझ्याकडे आहे.

भोंगा : खरं सांगू? माझेच हात दाराकडे चाललेत. पण नाही. आत पहिल्या वर्षाच्या मुलींचे कप आहेत. सरांनी भट्टीची चावी माझ्याकडे दिली तेव्हा अख्खा वर्ग हसला होता, एकटा तू हसला नव्हतास. आणि तडकलेल्या घड्यावर माझी खूण नको मला. थांबू आपण. मला जमतं आता.

(दार ढकलून ताई आत येते. कंडक्टरचा गणवेश, खांद्याला तिकिटांची पिशवी.)

ताई : केवढं उकडतंय रे इथे. यापेक्षा माझी गर्दीची बस बरी. आणि तू भोंगा ना? फाटकापासून आवाज ऐकत आले मी.

भोंगा : हो ताई. तुम्हाला नाव कसं माहीत?

ताई : हा घरी आला की दोनच गोष्टी बोलतो. "भूक लागली" आणि "भोंगा म्हणाला." याला काय म्हणता तुम्ही इथे?

भोंगा : घुम्या.

ताई : शाळेतही तेच म्हणायचे. पाळण्यातच पाय दिसले होते याचे. बरं, मला फार वेळ नाही. कुठाय तो घडा? आण इकडे, उलटा करून बघते.

घुम्या : दाखवता येत नाही.

ताई : का? फुटला?

भोंगा : भट्टीत आहे ताई, अजून गरम आहे. हा उघडत होता, मीच उघडू दिली नाही. माझी चूक झाली.

घुम्या : चूक नाही. याचं बरोबर आहे.

ताई : मग काय, पुढच्या खेपेला बघेन. चहा तरी पाजा कुणीतरी, सकाळपासून घसा कोरडा पडलाय.

घुम्या : ताई, थांब. मला बोलायचंय.

ताई : तुला? बोलायचंय? नापास झालास की काय?

घुम्या : घड्याच्या तळाला…

ताई : मोठ्याने बोल रे. मागच्या सीटपर्यंत ऐकू गेलं पाहिजे.

घुम्या : घड्याच्या तळाला दोन खुणा आहेत. एक माझी, एक याची. याने रंग दिला म्हणून नाही. माझ्या खुणेशेजारी याची असावी असं मला वाटलं, म्हणून. आणि नुसती घड्यावर नाही. तू माझ्यासाठी मुलगी बघू म्हणतेस ना, तर माझ्या मनात कुणी मुलगी नाही. कधीच नव्हती. हा आहे. माझं प्रेम आहे याच्यावर. भांडं दाखवून सांगणार होतो तुला. भांडं नाहीये, म्हणून तोंडाने सांगतोय.

ताई : ऊठ रे त्या स्टुलावरून. बसू दे मला.

भोंगा : हो. बसा ना. बसा.

घुम्या : पाणी घे.

ताई : दहावीचा निकाल याने मला शेजारणीकडून कळवला होता. आई गेली तेव्हा घरात रडारड चाललेली, आणि हा परसात चिखलाचे गोळे वळत बसला. तोंडातून एक शब्द नाही. मला धास्तीच बसली होती, हा असंच सगळं गिळत राहणार म्हणून.

घुम्या : रागावलीस?

ताई : आज तू बोललास ना, आता माझी पाळी. घाबरले मी. खोटं कशाला सांगू? शेजारपाजारचे काय म्हणतील, काका तर थयथयाट करतील, हे सगळं क्षणात डोक्यात आलं. पण त्याच्याही आधी काय आलं सांगू? माझा मुखदुर्बळ भाऊ माझ्या डोळ्यांत बघून एवढं सलग बोलला. ऊर भरून आला रे माझा. आई असती तर तिने गल्लीभर सांगितलं असतं.

घुम्या : काकांना काय सांगायचं?

ताई : काकांचं मी बघते. विनातिकीट दांडगोबांना रोज खाली उतरवते मी, काका कोण लागून गेले? आणि काय हो भोंगा, आज भोंगा बंद का?

भोंगा : मला काही सुचत नाहीये, ताई.

ताई : फिट्टंफाट झाली म्हणायची. तू याला बोलतं केलंस, याने तुला गप्प केलं. एकच विचारते. हा उघडत होता तरी तू ही भट्टी उघडू दिली नाहीस?

भोंगा : नाही दिली.

ताई : कुणाच्या भीतीने?

भोंगा : कुणाच्याच नाही. आत याचा घडा आहे.

ताई : मग झालं. मला आणखी काही विचारायचं नाही. चला, निघते, नाहीतर ड्रायव्हर माझ्या नावाने शंख करेल. संध्याकाळची ड्युटी बदलून घेते कुणाशी तरी. त्या दोन खुणा बघितल्याशिवाय मला चैन पडायची नाही. आणि घडा फुटका निघाला, तरी तू जे सांगितलंस ते फुटत नाही. कळलं ना?

घुम्या : कळलं. चहा राहिला तुझा.

ताई : संध्याकाळी दोघं मिळून पाजा.

घुम्या : ताई, फाटकापर्यंत येतो.

ताई : नको. इथेच थांब त्याच्याजवळ. बघ कसा बसलाय खाली जमिनीवर.

घुम्या : गेली. वळून हात केला तिने, बघितलास?

भोंगा : हं.

घुम्या : काटा किती आलाय?

भोंगा : बघितला नाही.

घुम्या : गच्चीवर तू सगळं सांगितलंस, आणि मी नुसता उभा राहिलो. वर्ष लावलं मी उत्तर द्यायला. तू थांबलास. तुझ्याइतका उतावळा माणूस, आणि थांबलास. मला फार अभिमान वाटतो तुझा. हे पण बोलायचं राहिलं होतं.

भोंगा : …

घुम्या : बोल की काहीतरी. जन्मात कधी एवढा गप्प बसला नाहीस.

भोंगा : ऐकलं.